पाइपला भोक न पाडता एक्झॉस्ट गॅसचं तापमान कसं काढायचं

सायलेन्सरच्या पाइपवर टेंपरेचर गन रोखली, ३६० आकडा आला आणि ‘एक्झॉस्ट टेंपरेचर ३६० अंश’ असं लिहून टाकलं, ही चूक गॅरेजमध्ये होते तशी कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्येही होते. तो आकडा पत्र्याचा असतो. त्याच जागी आतला गॅस ६०० अंशांवर असू शकतो. नवा मफलर कोणत्या पत्र्याचा घ्यायचा, सेन्सर किंवा फ्लेक्स पाइप कुठे बसवायचा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मागे सरकवला तर तो पेटेल का, हे सगळे निर्णय गॅसच्या तापमानावर ठरतात. (कन्व्हर्टर काम करायला लागतो तोच साधारण २५० ते ३०० अंशांच्या पुढे.) त्यामुळे २४० अंशांची चूक इथे परवडत नाही.

खाली दिलेल्या पद्धतीत पाइपला बाहेरून थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा, तापमान मोजणारा सेन्सर) बांधायचं, त्यावर सेरॅमिक वूल गुंडाळायचं आणि आलेल्या आकड्यात छोटी दुरुस्ती करायची. ड्रिल नाही, वेल्डिंग नाही, वॉरंटीचा प्रश्न नाही. गुंडाळण्यामुळे अचूकता एवढी का वाढते ते पुढच्या हिशोबात दिसेल.

आधी ढोबळ आकडे

मोजायला बसण्याआधी किती येणं अपेक्षित आहे ते माहीत हवं. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात मॅनिफोल्डजवळ आयडलला ३०० ते ४५०, हायवेवर एकसारख्या वेगात ६०० ते ७५० आणि पूर्ण लोडवर ८५० ते ९५० अंश. डिझेलमध्ये जादा हवा असते म्हणून सगळंच थंड: आयडलला १०० ते २००, हायवेवर २५० ते ४००, चढावर पूर्ण लोड असताना टर्बोच्या आधी ६०० ते ७००. सीएनजीचे आकडे पेट्रोलच्या आसपास धरावेत.

इंधनाच्या उष्णतेवरूनही अंदाज निघतो, पण त्यावर फार विसंबू नये. १ ग्रॅम पेट्रोलमध्ये साधारण ४३ किलोज्यूल. त्यातला एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भाग गॅसबरोबर बाहेर जातो. सेकंदाला १ ग्रॅम पेट्रोल जळत असेल तर गॅस १५.७ ग्रॅम (१४.७ हवा अधिक १ इंधन), आणि त्याची विशिष्ट उष्णता दर ग्रॅमला दर अंशाला १.१५ ज्यूल. गॅसबरोबर २८ टक्के उष्णता गेली असं धरलं तर, हवेचे ३० अंश मिळवून, उत्तर येतं ७०० अंश. ३३ टक्के धरली तर ८१५. नुसत्या पाच टक्क्यांच्या गृहीतकाने ११५ अंश सरकतात, म्हणून मोजणं भाग आहे.

गॅसचा प्रवाह

पुढच्या हिशोबाला दर सेकंदाला पाइपातून किती ग्रॅम गॅस जातो ते लागतं. पेट्रोल गाडीत मायलेजवरून ते सरळ निघतं. ताशी ८० किमी वेगाला गाडी लिटरमागे १६.५ किमी देत असेल तर तासाला ४.८५ लिटर, म्हणजे ३.६ किलो, म्हणजे सेकंदाला १ ग्रॅम पेट्रोल. गुणिले १५.७.

ताळा करून बघू. १२०० सीसीचं इंजिन, ३००० आरपीएम. चार स्ट्रोक असल्यामुळे मिनिटाला १५०० वेळा सिलिंडर भरतात, म्हणजे सेकंदाला ३० लिटर हवेची जागा. पुण्याच्या उंचीवर (५६० मीटर) ३० अंश तापमानाच्या हवेची घनता घनमीटरला १.०९ किलो. थ्रॉटल अर्धवट उघडा असताना सिलिंडर ४५ टक्के भरतो असं धरलं तर हवा १४.७ ग्रॅम. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला, तेव्हा प्रवाह १५.७ ग्रॅम धरून पुढे जाऊ.

डिझेलला ही मायलेजची युक्ती चालत नाही, कारण हवा-इंधनाचं प्रमाण लोडप्रमाणे १८ पासून ६० च्या पुढेही जातं. तिथे ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) लावून एअर फ्लोचा आकडा ग्रॅम प्रति सेकंदमध्ये घ्यावा आणि त्यात इंधन मिळवावं. बीएस६ डिझेल असेल तर त्याच स्कॅनरवर ‘एक्झॉस्ट गॅस टेंपरेचर’ शोधा. डीपीएफच्या (काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) आधी-नंतर कंपनीनेच सेन्सर बसवलेले असतात आणि तो आकडा खरा मोजलेला असतो. पेट्रोल गाडीत दिसणारं ‘कॅटॅलिस्ट टेंपरेचर’ मात्र बहुतेक वेळा ईसीयूने (इंजिनच्या संगणकाने) गणित करून काढलेलं असतं. ते ताळ्यापुरतं ठीक.

सामान

के टाइप थर्मोकपल घ्या, धातूच्या आवरणाचं (मिनरल इन्सुलेटेड), १.५ मिमी जाडीचं, किमान एक मीटर लांब, आवरण इन्कोनेल किंवा ३१० स्टेनलेस. मल्टीमीटरबरोबर फुकट येणारी मण्याची वायर इथे वापरू नका. तिचं आवरण एवढ्या उष्णतेसाठी नसतं. चांगली ग्लास फायबरची वायरसुद्धा ४८० अंशांच्या आसपास हात टेकते, आणि गुंडाळलेला पाइप त्याच्या पुढे जातो.

सेरॅमिक फायबर ब्लँकेट, २५ मिमी जाड, घनता घनमीटरला १२८ किलो. ३० बाय ३० सेंमीचा तुकडा पुरतो. त्याशिवाय स्टेनलेसच्या दोन जुबिली क्लिप, स्टेनलेसची बारीक तार, जाड अॅल्युमिनियम फॉइल, वायर ब्रश, आणि के टाइप इनपुट असलेला मीटर. ब्लँकेट कापताना एन-९५ मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. तिचे तंतू फुप्फुसात गेले तर अपायकारक असतात.

एकापेक्षा जास्त जागी नोंद करायची असेल तर मायक्रोकंट्रोलर आणि थर्मोकपल मॉड्यूल वापरता येतं, पण एक खोच लक्षात ठेवा. मॅक्स ३१८५५ चिपला टोक आवरणापासून वेगळं ठेवलेलं (अनग्राउंडेड) थर्मोकपलच लागतं. ग्राउंडेड टोक पाइपला टेकलं की चिप आकड्याऐवजी फॉल्ट दाखवते. मॅक्स ६६७५ मध्ये उलट आहे, तिची ऋण बाजू ग्राउंडला जोडावी लागते. ती १०२४ अंशांपर्यंतच वाचते आणि एका वाचनाला जवळपास पाव सेकंद घेते. त्याहून घाईने विचारलं तर तोच जुना आकडा पुन्हा पुन्हा मिळतो.

गाडीखाली जाण्याआधी थर्मोकपल उकळत्या पाण्यात आणि बर्फाच्या पाण्यात बुडवून बघा. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला. तिथे १०० आलं नाही म्हणून मीटरला दोष देऊ नये.

बांधणी

पाइप पूर्ण थंड हवा. गाडी पिटवर किंवा स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको.

जागा सरळ पाइपवर निवडा. फ्लँज, मफलरचं तोंड आणि बेंड यांपासून शक्य तेवढं दूर, कारण बेंडनंतर लगेच उष्णता जास्त वेगाने भिंतीला लागते आणि हिशोब बिघडतो. जवळपास पेट्रोलची नळी, ब्रेक पाइप, प्लॅस्टिक किंवा अंडरबॉडी कोटिंग नको. गुंडाळलेली जागा उघड्या पाइपपेक्षा दोनशे अंश जास्त तापणार आहे.

ब्लँकेट जिथे येणार त्या ३० सेंमीच्या मध्यावरचा गंज वायर ब्रशने घासून धातू दिसू द्या. थर्मोकपलचं टोक पाइपच्या बाजूला ठेवा, तळाला नको, कारण गाडी नुकतीच सुरू झाल्यावर तळाशी पाणी साठतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, आणि थंड पाइपात त्यातल्या बऱ्याच वाफेचं पाणी होऊन ते खाली साठतं. ते उडून जाईपर्यंत मागच्या भागाचा पत्रा ५०-६० अंशांवरच रेंगाळतो.

टोक पाइपला चिकटून राहील अशी एक जुबिली क्लिप टोकावर, दुसरी पाच सेंमी अलीकडे. त्यानंतरही थर्मोकपल लगेच बाहेर वळवू नका. ते पाइपच्या लांबीने आणखी सात-आठ सेंमी ब्लँकेटखालूनच न्या. लगेच बाहेर काढलं तर आवरणातून उष्णता वाहून जाते आणि टोकच थंड पडतं. या पद्धतीत सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

आता ब्लँकेट गुंडाळा, वरून फॉइल, मग तार. तार जेमतेम धरून ठेवेल इतकीच आवळा. ब्लँकेट दाबली गेली की २५ मिमीची १५ होते आणि तिचा उपयोग निम्म्यावर येतो. फॉइल हवी ती वाऱ्यासाठी. तिच्याशिवाय ताशी ८० च्या वेगात हवा तंतूंमधून आरपार जाते. दोन्ही टोकांना फॉइल पाइपपर्यंत मुडपून घ्या.

तीस सेंमीच का, तर गुंडाळलेल्या भागातून उघड्या भागाकडे पत्र्यातून उष्णता ओढली जाते. दीड मिमी पत्र्यात या ओढीचा परिणाम दर दोन-सव्वादोन सेंमीला जवळपास तिपटीने कमी होत जातो. मध्याच्या दोन्ही बाजूंना १५ सेंमी असले की टोकापर्यंत काहीच पोचत नाही. दहा सेंमीची पट्टी गुंडाळून हे साधत नाही.

थर्मोकपलचा जाड सांधा, जिथे मऊ वायर सुरू होते तो, उष्णतेपासून लांब ठेवा. मीटरपर्यंत वायर वाढवायची असेल तर के टाइपची एक्स्टेन्शन वायरच हवी, तांब्याची नाही.

वाचन

गाडी एकाच वेगात, एकाच गिअरमध्ये १०-१५ मिनिटं चालवा. मीटर शेजारच्या माणसाने बघायचा, चालकाने नाही. एका मिनिटात दोन अंशांपेक्षा जास्त बदल होत नसेल तेव्हाच आकडा लिहा, सोबत हवेचं तापमान, वेग आणि आरपीएम. घाटाच्या चढावर आकडा सतत चढत असतो. तो बघायला चांगला, हिशोबाला नाही. गाडी उभी ठेवून रेस देत मोजायचं असेल तर ते उघड्यावर. बंद शेडमध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो.

हिशोब

गॅसकडून भिंतीला (पाइपच्या पत्र्याला) आणि भिंतीकडून हवेला जाणारी उष्णता सारखीच असते. गुणांक म्हणजे एक अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते तो आकडा. त्यावरून:

गॅसचं तापमान = भिंतीचं तापमान + (बाहेरचा गुणांक ÷ आतला गुणांक) × (भिंतीचं तापमान − हवेचं तापमान)

आतला गुणांक डिटस-बोल्टरच्या सूत्रावरून (पाइपातल्या प्रवाहाकडून भिंतीला लागणाऱ्या उष्णतेचं सूत्र) निघतो. एक्झॉस्ट गॅससाठी त्यातले स्थिरांक एकत्र केले की हातात मावेल असं रूप मिळतं: ८० × (प्रवाह, ग्रॅम प्रति सेकंद)चा ०.८ घात ÷ (पाइपचा आतला व्यास, सेंमी)चा १.८ घात. उत्तर वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश. १५.७ ग्रॅम आणि ४.२ सेंमीला ते ५५ येतं. सूत्र शांत, एकसारख्या प्रवाहाचं आहे. एक्झॉस्टमध्ये गॅस धक्क्याधक्क्याने येतो, पाइपला वळणं असतात, म्हणून दीडने गुणा: ८३. मॅनिफोल्डजवळ दीडऐवजी दोन-अडीचही लागू शकतं. आयडलला प्रवाह एवढा कमी असतो की हे सूत्र तिथे लागूच होत नाही. तिथे ते वापरू नका.

बाहेरचा गुणांक उघड्या पाइपला गाडी उभी असताना १५ ते २५, चालत्या गाडीत ५० ते ७०. सांगितल्याप्रमाणे गुंडाळलेल्या भागाला साधारण ५.५.

आता दोन्ही तऱ्हेने करून बघा. हवा ३० अंश. उघड्या पाइपवर भिंत ३६१ अंश आली. बाहेरचा गुणांक ६० धरून: ३६१ + (६० ÷ ८३) × ३३१ = ६००. उत्तर बरोबर दिसतं, पण आतला गुणांक खरंतर ६५ असेल तर तेच उत्तर ६६७ होतं, आणि १०० असेल तर ५६०. शंभराहून जास्त अंशांची अनिश्चितता, आणि बाहेरच्या वाऱ्याची त्यात अजून भर पडायची आहे.

गुंडाळलेल्या भागात भिंत ५६५ अंश दाखवेल. ५६५ + (५.५ ÷ ८३) × ५३५ = ६००. इथे आतला गुणांक ६५ घेतला तर ६१०, १०० घेतला तर ५९४. तीच चूक आता सोळा अंशांत मावते. दुरुस्ती मुळात ३५ अंशांचीच उरल्यामुळे तिच्यातली चूक मोठी होऊच शकत नाही. साध्या ब्लँकेटच्या तुकड्याला एवढं मोल आहे ते यासाठी.

मोजून झालं की ब्लँकेट काढून टाका. ती ओल धरते, पाइप तिच्याखाली गंजतो, आणि साध्या लोखंडी पाइपला ५०० अंशांच्या वर सतत ठेवलं तर खपल्या धरतात.

पाइपच्या दुसऱ्या जागी किती

मफलरच्या तोंडाशी किती, हे नेहमी विचारलं जातं. दोन जागी, एक मीटर अंतरावर, दोन पट्ट्या बांधा. मधला पाइप उघडाच राहू द्या. दोन्हीकडचं गॅसचं तापमान काढून प्रत्येकातून हवेचं तापमान वजा करा आणि भागाकार घ्या. समजा पुढे ६००, मागे ४७१. ४४१ ÷ ५७० = ०.७७. म्हणजे दर मीटरला हवेपेक्षा असलेला फरक ७७ टक्के उरतो. दीड मीटरवर ०.७७ चा १.५ घात, म्हणजे ०.६८, आणि ५७० चे ३८८ उरतात. त्यात हवेचे ३० मिळवले की ४१८ अंश. उलट पुढच्या दिशेने अर्धा मीटर गेलात तर ६७८.

पुढच्या दिशेने जाताना मात्र मध्ये कन्व्हर्टर लागला की थांबा. त्याच्या आत रासायनिक क्रियेने उष्णता तयार होते आणि साखळी तुटते. टर्बोलाही तसंच: टर्बाइनमध्ये गॅस प्रसरण पावतो आणि पूर्ण लोडवर शंभर किंवा त्याहून जास्त अंशांनी थंड होतो. टर्बोनंतर मोजून टर्बोआधीचा आकडा सांगता येत नाही.

भोक पाडावंच लागलं तर

टर्बोला जपण्यासाठी कायमचा मीटर लावायचा असेल तर प्रोब टर्बोच्या आधी, गॅसमध्येच हवा. मॅनिफोल्ड उतरवूनच ड्रिल करा. ओतीव लोखंडाचा कीस टर्बाइनच्या पात्यांपर्यंत गेला तर टर्बो संपला. १/८ एनपीटी (निमुळत्या पाइप-आट्यांचं माप) टॅपसाठी साधारण ८.७ मिमी भोक, आट्यांना निकेलचं अँटी-सीझ. पातळ पत्र्याच्या पाइपात आटे टिकत नाहीत, तिथे स्टेनलेसचा बंग (आत आटे असलेली जाड कडी) वेल्ड करा, आणि वेल्डिंगआधी बॅटरी सोडून लॅम्बडा सेन्सर काढून ठेवा.

गॅसमध्ये घातलेलं टोकही कमीच दाखवतं, कारण ते समोरच्या थंड भिंतीकडे उष्णता फेकत असतं. वरच्याच उदाहरणात, ६०० अंशांच्या गॅसमध्ये आणि ३६१ च्या भिंतीत, ६ मिमीचा प्रोब जवळपास ६० अंश कमी दाखवतो, ३ मिमीचा ४७, १.५ मिमीचा ३५. म्हणून प्रोब जमेल तेवढा बारीक घ्या आणि त्या जागी पाइप बाहेरून गुंडाळा. भिंत तापली की ही चूक आपोआप घटते. प्रोब बेंडपाशी, प्रवाहाच्या समोर तोंड करून बसवला तर जास्त लांबी गॅसमध्ये राहते. आडवा घातला तर ४२ मिमीच्या पाइपात मध्यापर्यंत जेमतेम २१ मिमी मिळतात, आणि बुडालेली लांबी जाडीच्या किमान दहापट हवी.

आकडा पटत नसेल तर

तापवल्यावर आकडा खाली जात असेल तर तारा उलट्या जोडल्या आहेत. अमेरिकन रंगपद्धतीत पिवळी धन आणि लाल ऋण असते. लाल म्हणजे धन ही सवय इथे नडते. आंतरराष्ट्रीय पद्धतीत हिरवी धन, पांढरी ऋण. एक्स्टेन्शन वायर दोन्ही टोकांना उलटी जोडली गेली तर चूक लपते: आकडा चढतो, पण मधल्या जोडाच्या आणि मीटरच्या तापमानातल्या फरकाच्या दुपटीने कमी येतो. जोड ८० अंशांवर आणि मीटर ३५ वर असेल तर तब्बल ९० अंश कमी.

टेंपरेचर गनचा आणि थर्मोकपलचा मेळ बसत नसेल तर आधी गनची एमिसिव्हिटी (पृष्ठभाग किती उष्णता किरणांनी बाहेर टाकतो त्याचं ० ते १ मधलं प्रमाण) बघा. गन बहुधा ०.९५ वर असते, आणि चकचकीत स्टेनलेस ०.३ किंवा त्याहून कमी. पाइपवर उष्णता सोसणाऱ्या मॅट काळ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावरच रोखा. १२:१ च्या गनचा ठिपका ६० सेंमीवर ५ सेंमी रुंद होतो, पाइपापेक्षा मोठा. २५ सेंमीपर्यंत जवळ जा.

बीएस६ डिझेलमध्ये सपाट रस्त्यावर, वेग तोच असताना आकडा अचानक चढून ५५०-६५० वर स्थिरावला तर बहुधा डीपीएफचं रिजनरेशन (साठलेली काजळी जाळून टाकणं) सुरू झालं आहे. ते वाचन टाकून द्या, रिजनरेशन पूर्ण होऊ द्या, इंजिन मध्येच बंद करू नका, आणि तापमान खाली येऊन स्थिर झाल्यावर पुन्हा मोजा.